तळ्यात बदकाची दोन पिल्ले

एकतीस वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्ती छापली गेली नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. आमच्या दैनिकात चूक झाली की दुसऱ्या पानाच्या तळाशी, हवामानाच्या शेजारी, एक चौकट येते. वर 'दुरुस्ती' असा मथळा आणि खाली चूक करणाऱ्याचं नाव. हे नाव छापण्याची पद्धत अकरा वर्षांपूर्वी मीच सुरू केली. एका सहकाऱ्याने एका हयात गृहस्थांचा फोटो निधनवार्तेत लावला होता. गृहस्थ स्वतः ऑफिसात आले आणि त्यांची समजूत काढता काढता मला हा नियम सुचला. सगळ्यांनी विरोध केला. मी म्हणालो होतो, ज्याला चुकायचं नाही त्याने भ्यायचं कारण नाही. अशी वाक्यं माणसाने बोलू नयेत. ती अकरा अकरा वर्षं दबा धरून बसतात.

निवृत्तीचा महिना सुरू झाला त्या संध्याकाळी पाचव्या पानावर खालच्या कोपऱ्यात चार ओळींचं भोक राहिलं. एक जाहिरात ऐन वेळी काढून घेतली गेली होती आणि पान सुटायला सहा मिनिटं होती. सहा मिनिटांत चार ओळी म्हणजे माझ्या हातचा मळ. सकाळी गॅलरीत दात घासताना घरामागच्या तळ्यात दोन लहान तपकिरी पक्षी तरंगताना दिसले होते, ते आठवले. लिहून टाकलं: 'पंपहाऊसच्या तळ्यात बदकाची दोन पिल्ले अवतरली असून परिसरातील नागरिकांत आनंदाचे वातावरण आहे.'

परिसरातील नागरिक म्हणजे मी. माझ्या बायकोने ती पाहिलीही नव्हती. आनंदाच्या वातावरणाचं म्हणाल तर आमच्याकडे नागरिकांत दोनच वातावरणं असतात, आनंदाचं आणि संतापाचं. पिल्लांवर संताप बरा दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दोन तारखेला, बातमी छापून आली. तीन तारखेला तळमजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. बाईंनी चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. त्यांनी ज्यांना शिकवलं नाही तेही त्यांना बाईच म्हणतात आणि त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. मीही राहिलो.

"तुमची बातमी वाचली," बाई म्हणाल्या. "पिल्लं आहेत म्हणता. मग आई कुठे आहे?"

मी म्हणालो, असेल कुठेतरी, खाणं आणायला गेली असेल.

"चार महिने?"

बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्यावरच उघडते. ती 'पिल्लं' त्या चार महिने रोज बघत होत्या. चार महिन्यांत कुठलं बदकाचं पिल्लू वीतभरच राहतं, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. शिक्षक ही जात खरोखर उत्तराची वाट पाहते. शेवटी त्यांनीच सांगितलं की ती टिबुकली आहे, पाण्यात बुड्या मारणारा पक्षी, आणि ती पिल्लं नसून चांगली वाढलेली जोडी आहे. मी हसून विषय टाळला. चार तारखेला ऑफिसात पोस्टकार्ड आलं. त्यावर माझी बातमी कापून चिकटवली होती, खाली लाल शाईत '१०पैकी २', आणि शेरा: 'तळे' व 'दोन' हे शब्द बरोबर. दुरुस्ती छापावी.

आता आमचा नियम असा की लेखी तक्रार आली की तीस दिवसांत दोन स्वतंत्र सूत्रांकडून खातरजमा करायची. बातमी खरी ठरली तर तक्रारदाराला तसं कळवायचं, नाहीतर चौकट. तक्रारदार स्वतः सूत्र धरला जात नाही. हाही नियम माझाच. आणि खातरजमा करण्याचं काम वृत्तसंपादकाकडे, म्हणजे तेही माझ्याकडेच.

इथे एका वस्तूचा उल्लेख करणं भाग आहे. तीस तारखेच्या निरोप समारंभासाठी माझं मानपत्र छापून, काचेच्या फ्रेममध्ये बसवून तयार होतं. मला कसं माहीत? मुद्रितं माझ्याकडेच तपासायला आली होती. तिसरी ओळ सोनेरी अक्षरांत होती: 'एकतीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही.' माझ्या हातून एवढं एकच वाक्य सोनेरी छापलं गेलं होतं, आणि ते आता दोन वीतभर पक्ष्यांच्या पाठीवर तरंगत होतं.

घरी मी प्रकरण मांडलं. बायको म्हणाली, "बाई म्हणतात ना, मग असेल."

"पुरावा काय?"

"बाई."

आमच्या मुलीला बाईंनी गणितात पास करून दाखवलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात बाई हाच पुरावा आहे.

मी पहिलं सूत्र म्हणून ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल म्हणाले, पक्ष्यांवरचं एकच पुस्तक आहे आणि ते बाहेर गेलंय. कोणाकडे, ते मात्र नियमाने सांगता येत नाही. मी ओळखपत्र दाखवल्यावर ते जरा विरघळले आणि म्हणाले, "तुमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक बाई आहेत त्यांच्याकडे आहे. पण नाव विचारू नका."

दुसरं सूत्र म्हणजे आमच्या ऑफिसच्या यादीतले तज्ज्ञ. हे एकच गृहस्थ आम्हाला भूकंप, शेअर बाजार आणि मुलांच्या परीक्षा या तिन्ही विषयांवर प्रतिक्रिया देतात. फोनवर त्यांनी आधी विचारलं की बातमी बदकाच्या बाजूने आहे की विरुद्ध. मी म्हणालो, तटस्थ. मग त्यांनी सांगितलं की दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत, आणि आपला फोटो जुना वापरू नये.

राहता राहिले पक्षी. त्यांच्याकडून थेट माहिती घ्यावी म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या कप्तानांकडे गेलो. कप्तान हे बंदराच्या कचेरीत जावक कारकून होते आणि जहाजात कधी बसले नाहीत, परंतु निवृत्तीच्या वेळी त्यांना दुर्बीण मिळाली आणि हुद्दाही तिच्याबरोबरच आला. ती ते कोणाला देत नाहीत. पट्टा त्यांच्या गळ्यात राहणार आणि पाहणाऱ्याने डोळे तिथे न्यायचे, अशी अट होती. त्यामुळे पुढचे आठ दिवस रोज सकाळी मी आमच्या गॅलरीत कप्तानांच्या छातीशी डोकं नेऊन पक्षिनिरीक्षण केलं. त्यांच्या बनियनला कापराचा वास येतो, ही त्यातली एक निश्चित माहिती.

पक्ष्यांबद्दल एवढं निश्चित काही हाती लागेना. मातकट रंग, मागून पिंजलेल्या कापसासारखा गोळा, शेपूट जवळपास नाहीच. एवढं दिसेपर्यंत पक्षी किंचित उडी घेऊन बुडे. आम्ही जिथे बुडाला तिथे पाहत राहायचो आणि तो भलतीकडेच वर यायचा. पत्रकार परिषदेत अडचणीचा प्रश्न आला की प्रवक्ते हेच करतात. पण ते निदान ओले होत नाहीत. माझ्या वहीत नोंदी आहेत: '७.१० दिसला. ७.१० बुडाला. ७.११ दुसरीकडे निघाला, बहुधा तोच. कप्तानांना शिंक.'

ही वही आणि ती दुर्बीण तळ्यापलीकडच्या इमारतीतून फार स्पष्ट दिसत होती. त्या इमारतीतल्या बहुतेक गॅलऱ्या बंद करून खोल्या केलेल्या आहेत, अर्थात परवानगीशिवाय. मला या गोष्टीत काडीचा रस नव्हता. पण वर्तमानपत्रातला माणूस रोज सकाळी दुर्बिणीतून आपल्याकडे पाहतो आणि वहीत लिहितो, याचा अर्थ कोणीही एकच लावील. आठव्या दिवशी त्यांचे अध्यक्ष एक चामडी डायरी भेट घेऊन घरी आले. मला सगळ्यांची काळजी आहे ना, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हणालो, मी फक्त त्या बुडणाऱ्यांच्या मागे आहे. अध्यक्ष पांढरे पडले. पुढच्या आठवड्यात तिथे चार गॅलऱ्यांच्या वाढीव भिंती पाडल्या गेल्या आणि त्यांचा राडारोडा तळ्याच्या काठावर येऊन पडला. डायरी मी परत केली. राडारोडा परत घ्यायला कोणी आलं नाही.

मग जवळून पाहावं म्हणून पंपहाऊसच्या कचेरीत गेलो. तळ्याला कुंपण आहे आणि आत जायला अर्ज लागतो. अर्जात 'जाण्याचे कारण' हा रकाना होता. मी लिहिलं, पक्ष्याची ओळख पटवणे. कारकुनाने विचारलं, "पक्ष्याचं नाव?"

"तेच तर पाहायचंय."

"नाव नसलं तर अर्ज अपुरा होतो."

"नाव कळावं म्हणूनच आत जायचंय."

"मग नाव कळलं की या," तो शांतपणे म्हणाला. त्याची चूक नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि या विचाराने मला अधिकच वाईट वाटलं.

निदान एक काम व्हावं म्हणून मी त्याला तोंडी सुचवलं की पाणकणसांच्या बेटापाशी सडक्या शेवाळाचा आणि काड्यांचा एक ढीग साठलाय. पक्षी सारखे त्याच्याआड जातात आणि दिसत नाहीत, तेवढा कचरा काढून टाका. त्याने ते ताबडतोब लिहून घेतलं. कचऱ्याला नाव लागत नाही.

चोवीस तारखेला माझं नशीब उघडलं. मध्ये सहा दिवस अर्थसंकल्पाच्या गडबडीत गॅलरीत जाणं झालं नव्हतं. त्या सकाळी कप्तानांच्या छातीशी डोळे नेले आणि पाहतो तर पक्षीच वेगळा. गाल आणि मान विटकरी तांबडी, पाठ काळपट, आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका, जेवून तोंड न पुसल्यासारखा. कप्तानांनीही दुजोरा दिला. म्हणजे बदकाची पिल्लं निघून गेली होती आणि हा नवा पाहुणा आला होता. म्हणजे माझी बातमी छापली त्या दिवशी खरी होती, आणि वर्तमानपत्राने त्याहून जास्त खरं असू नये. मी त्याच दिवशी ऑफिसच्या कागदावर बाईंना खुलासा लिहिला. 'आपण म्हणता तो पक्षी नंतर आलेला दिसतो', असं एक सौजन्यपूर्ण वाक्यही घातलं आणि तक्रारीवर 'निकाली' असा शिक्का मारला.

सव्वीस तारखेला फाटकावर पंपहाऊसची नोटीस लागली. सोमवारी, एकोणतीस तारखेला, तळं उपसून साफ करण्यात येईल. कारणं तीन: काठावर टाकलेला राडारोडा, पाणकणसांतील कचऱ्याबाबत आलेली तोंडी तक्रार, आणि वर्तमानपत्रातील वृत्तानुसार पिण्याच्या पाण्यात सोडलेली पाळीव बदके.

मी नोटीस दोनदा वाचली. तिन्ही कारणं माझी होती.

शनिवारी सकाळी बायको खालून निरोप घेऊन आली की बाईंनी बोलावलंय, आणि वही आणायला सांगितलंय. बाईंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसवलं. ओट्यावर ग्रंथालयाचं पुस्तक उघडं होतं. माझा खुलासाही होता, त्यावर लाल शाई.

"बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "तासभर नुसतं बघायचं."

एकतीस वर्षांत मी कुठलीही गोष्ट तासभर पाहिलेली नाही. पहिली दहा मिनिटं जड गेली. मग दिसायला लागलं. खिडकीपासून पाणी पंधरा पावलांवर होतं. दोघांपैकी एकाची मान पुरती तांबडी झाली होती. दुसऱ्याची मात्र अर्धी तांबडी आणि अर्धी अजून तशीच मातकट, रंगारी जेवायला गेल्यासारखी. नवे पाहुणे वगैरे कोणी नव्हते. दोन तारखेच्या बातमीतलीच ती दोघं आता विणीच्या हंगामाच्या रंगावर आली होती.

"कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का?" बाई हळूच म्हणाल्या. पुस्तकात दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती आणि खाली एकच नाव.

चोच बदकासारखी चपटी नव्हती, बारीक आणि टोकदार होती. पाय शरीराच्या अगदी मागे, म्हणून तो पक्षी जमिनीवर धड चालू शकत नाही. म्हणूनच काठावर कधी दिसला नव्हता, आणि मी त्याला काठावर शोधत होतो. तेवढ्यात दोघांतला एक त्या सडक्या ढिगावर चढला. चोचीने वरचं शेवाळ बाजूला केलं. खाली अंडी होती, मळकट पांढरी, पाच. तो त्यांच्यावर बसला. थोड्या वेळाने पलीकडे राडारोड्याची एक वीट घसरून पाण्यात पडली. पक्ष्याने घाईघाईने चार काड्या ओढून अंडी झाकली आणि बुडी मारली. घरट्याच्या जागी पुन्हा कचरा दिसायला लागला.

मी वहीत काही लिहिलं नाही.

"सोमवारी उपसतील," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शिक्षकाचा वाटला नाही. "मी दोनदा जाऊन आले हो. ते म्हणतात, पेपरात बदक छापून आलंय."

मी तसाच पंपहाऊसच्या साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी फाईल काढली. पहिल्याच पानावर माझ्या चार ओळी चिकटवलेल्या होत्या. साहेब म्हणाले, रानपक्षी अंड्यावर असेल तर हंगाम संपेपर्यंत तळं उपसता येत नाही, तसा नियमच आहे. पण बदकं पाळीव. पाळीव असतील तर उपसावंच लागतं.

साहेबांच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीत तळं. मी म्हणालो, "साहेब, नुसती मान वळवा. समोर आहेत. बघा ना."

"बघून काय करू?" साहेब म्हणाले. "बघितलेलं फाईलला लावता येत नाही. तुम्ही छापून आणा, मी थांबवतो."

संध्याकाळी मी संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तारखा मोजल्या. तीस दिवस पुढच्या महिन्याच्या चार तारखेला पुरे होतात, मी तीसलाच निवृत्त होतो. चौकट आलीच तर मी घरी असताना येईल, नावाशिवाय घालू. मानपत्र तयार आहे. पक्ष्यांचं काय, उडून जातील. मी सांगितलं की पक्षी जातील, अंडी जाणार नाहीत. भिंतीशी ती फ्रेम कागदात गुंडाळून ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

"दोन सूत्रं आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक ग्रंथालयाचं पुस्तक. दुसरं, मी खिडकीत बसून पाहिलं."

"स्वतः?" संपादकांनी चष्मा काढला. स्वतः जाऊन पाहणं ही गोष्ट आमच्या ऑफिसात फारशी घडत नाही.

चौकट मीच लिहिली. 'ता. २ च्या अंकात पंपहाऊसच्या तळ्यात बदकाची दोन पिल्ले आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. ते पक्षी बदक नसून टिबुकली आहेत. ती पिल्ले नसून पूर्ण वाढलेली जोडी आहे. पाणकणसांतील कचरा हा कचरा नसून त्यांचे घरटे आहे व त्यात पाच अंडी आहेत. नागरिकांतील आनंदाच्या वातावरणाची खातरजमा होऊ शकली नाही.' खाली माझं नाव. दुरुस्ती बातमीच्या चौपट झाली. जागा करायला हवामान काढावं लागलं.

रविवारी ती छापून आली. सोमवारी सकाळी पंप सुरू झाला नाही. साहेबांनी कात्रण फाईलला लावलं, आधीच्या कात्रणाच्या वर, आणि फाटकावर नवी नोटीस डकवली की तळ्यात टिबुकली असल्याने कोणी आत जाऊ नये. त्यांनी शेवटपर्यंत मान वळवून पाहिलं नाही.

निरोप समारंभाला नवी फ्रेम करायला वेळ नव्हता. सोनेरी ओळीतल्या 'एकही' आणि 'नाही' या शब्दांवर पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि पहिल्या चिठ्ठीवर पेनाने 'एक' लिहिलं होतं. संपादकांनी खणखणीत आवाजात वाचलं, "एकतीस वर्षांत एक दुरुस्ती." टाळ्या तेवढ्याच पडल्या. बायकोने बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी फ्रेम हातात घेतली, चिठ्ठी सरळ चिकटलीय का ते नखाने तपासलं आणि मला परत दिली.

निवृत्त होऊन सतरा दिवस झाले होते तेव्हा बाईंनी खालून हाक मारली. मी गॅलरीत आलो. एक टिबुकली तळ्याच्या मधोमध संथ चालली होती आणि तिच्या पाठीवर, पंखांच्या मधे, पट्टेरी डोक्यांची दोन पिल्लं बसली होती. बाकीची तीन मागून पोहत येत होती. कप्तान दुर्बीण घेऊन आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पट्टा गळ्यातून काढून माझ्या बायकोच्या हातात दिला. पलीकडच्या इमारतीतल्या उघड्या झालेल्या चार गॅलऱ्यांत माणसं उभी होती. अध्यक्षही होते. सवयीने मी मोजलं. एकूण अठरा नागरिक, आणि वातावरण आनंदाचं होतं, याची मी स्वतः खातरजमा केली.

मी खाली वाकून बाईंना म्हणालो, "बघा. तळं आहे, पिल्लं आहेत, नागरिक आहेत, आनंद आहे. बातमी चुकीची नव्हती, बाई. जरा लवकर छापली गेली."

बाईंनी वर पाहिलं. "आणि बदक?"

"तेवढं एक राहिलं," मी म्हणालो.